फिलोमिनाबाईंची सहमती

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी तर नाहीच — तिला कळलं तर ती पुन्हा म्हणून पुरणपोळी करणार नाही, आणि... पण थांबा, पुरणपोळीवर खापर फोडायचं नाही असं ठरवून बसलोय. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. मित्राला सांगावं तसंच सांगतोय, फक्त पत्ता न देता.

मी प्रतिवेदक होतो. म्हणजे आमदारांच्या समितीपुढे जो जे बोलेल ते तसंच्या तसं उतरवून घेणारा. लोकांना वाटतं, कायदे आमदार करतात. करतात हो! पण समोरचा माणूस काय म्हणाला, हे शेवटी आमच्यासारख्यांच्या कागदावरून ठरतं. सगळी नोकरी झाली, माझ्या कागदात कधी चूक निघाली नव्हती. हे मी कचेरीत दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचोच.

तर एकदा समितीकडे दोन मसुदे एकदमच आले. एक होता पाळीव कुत्र्यांच्या निगेच्या नियमांचा. दुसरा जनावरांवरच्या उपकराचा — कोंबडी, बकरी, डुक्कर, जे विकाल त्याच्या नगामागे काही रक्कम भरा, आणि ती म्हणे पशुपालनाच्याच भल्यासाठी. दोन्हींवर लोकांचं म्हणणं ऐकायला समिती आमच्या भाईंदरला आली. माझं घर सिल्व्हर पार्कला, रिक्षाने पंधरा मिनिटं. नोकरीत पहिल्यांदाच मी बैठकीतून उठून घरी जेवायला गेलो. पुरणपोळी कुठून आली ते कळलं ना आता?

सकाळ सगळी कुत्र्यांची. काय सांगू तुम्हाला! कुत्र्याला दिवसातून किती वेळा फिरवावं यावर एक तास गेला. एका सदस्यांनी आपल्या लॅब्राडॉरचे फोटो दाखवले. दुसऱ्यांनी आपल्या पामेरियनचा स्वभाव सांगितला — तो फक्त विरोधी पक्षाच्या माणसांवर भुंकतो म्हणे. पिंजरा कशाला म्हणायचं, कुत्र्याला एकटं वाटतं का, वाटलं तर त्याला जबाबदार कोण... माझ्या जोडीचा प्रतिवेदक रजेवर होता, तरी मी एकट्याने एक भुंकणं सोडलं नाही.

दुपारी उपकर निघाला आणि सदस्य मोबाईलमध्ये शिरले. आधी एका मोठ्या पोल्ट्रीचे टायवाले प्रतिनिधी उठले, 'मसुद्याशी सहमत' म्हणाले आणि बसले. मग उत्तनच्या फिलोमिनाबाई उभ्या राहिल्या. साठीच्या, लुगडं नेसलेल्या, हातात वहीचं घडी घातलेलं पान. घरी आठ बकऱ्या आणि अंगणभर कोंबड्या. घरगुती जनावरं पाळणाऱ्यांतर्फे आलेल्या त्या एकट्याच. त्यांनी नाव सांगितलं, मी लिहिलं. गाव सांगितलं, लिहिलं. आणि मग —

मग काय? हॉलमध्ये मोठा हशा पिकला आणि मी दचकून जागा झालो. बाई खाली बसत होत्या.

हो. झोपलो होतो.

आमच्या कामात हसण्याचीही नोंद करतात, म्हणून मी कंसात 'हशा' लिहिलं. कशावर हसले, देव जाणे. संध्याकाळी रेकॉर्डिंग ऐकायला गेलो तर यंत्रातलं कार्ड सकाळीच भरलेलं. त्यातलं शेवटचं वाक्य पामेरियनच्या जेवणाबद्दल होतं.

तेव्हा बाईंना एक फोन करायला काय झालं होतं? 'बाई, डोळा लागला, पुन्हा सांगता का?' — जीभ झडली असती का माझी? पण तोरा मिरवून बसलो होतो ना! कागद दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा होता. मी पोल्ट्रीवाल्यांचं वाक्य उचललं आणि बाईंच्या नावाखाली ठेवलं. 'साक्षीदाराने मसुद्याशी सहमती दर्शवली.' आणि पुढे कंसात हशा. कर लावा म्हणणाऱ्या बाईला सगळे का हसले असतील, असं कुणी विचारलंसुद्धा नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी त्याला चूक म्हटलं असतं. पुढचं ऐका. कागद दिल्यावरही साक्षीदाराला त्याची साक्ष दाखवून, हवी तर दुरुस्ती करून, सही घ्यायची पद्धत आहे. उत्तन मला जवळ, म्हणून मीच गेलो. बाईंकडून हळूच सगळं काढून घ्यायचं आणि कागद दुरुस्त करायचा, असं ठरवून गेलो होतो. रस्ता होता, अगदी सोपा होता.

मला दारात पाहताच बाईंनी शेजारणीला हाक मारली. "ह्येच ते सायब! बाकीचे सगले मोबाईलमंदी व्हते. ह्ये एकलेच माजं आयकत व्हते — सारकी मान हलवत व्हते!"

डुलकीला अशी शाबासकी कुणाला मिळाली असेल? बाई रंगात आल्या, शेजारणीसाठी सगळी साक्ष त्यांनी पुन्हा म्हणून दाखवली. दहाच्या आत बकऱ्या असतील त्यांना हा कर नको, हे त्यांचं मागणं. आणि मग ते हशाचं वाक्य — "तुमच्या कुत्र्यांना फिरवाला मानूस लागतो, माज्या बकऱ्या सोताच फिरतान. मंग त्यांना कर कशाला?" शेजारीण हसली. मीही हसलो, जणू दुसऱ्यांदा ऐकतोय.

आता माझ्याकडे सगळं होतं. मागणं होतं, विनोद होता, खिशात पेन होतं. मी म्हणालो, "एकदा वाचून घ्या." तेही इतक्या हळू, की त्यांना ऐकू जाऊ नये. पण गेलं.

"तुमी लिवलंय ना? मंग वाचाचं कशाला?" म्हणत बाईंनी एकेक अक्षर जोडत सही केली. मी बकऱ्यांकडे बघत राहिलो. निघताना त्यांनी डझनभर गावठी अंडी दिली. ती मी घेतली आणि खाल्लीसुद्धा.

समितीच्या अहवालात आलं, 'लहान पशुपालकांकडून आक्षेप नाही.' सूट मिळाली नाही. कुत्र्यांना फिरवायच्या वेळा मात्र तपशिलात आल्या.

गेल्या वर्षी भाईंदरच्या बाजारात बाई भेटल्या. बकऱ्या विकल्या होत्या, सगळ्या. बरोबर सून होती. तिला माझी ओळख करून देत, चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ह्या सायबांनी समदं बरोबर लिवलंवतं गो. त्या लोकांनी वाचलंच न्हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरी मी मान हलवली.

वाचलं होतं हो त्यांनी. नीट वाचलं होतं.