देव्हाऱ्याखालचं मशीन

"थांब. तिथेच थांब. आज काय खाऊन आलीस?"

माझा एक पाय केबिनच्या आत होता, एक बाहेर. हातात नेटवर्कची वायर. समोर खुर्चीत शेठ. मागे अख्खं ऑफिस. टायपिंगवरच्या दोघी, हिशेब बघणारे अण्णा आणि कागद न्यायला आलेला एक ट्रेलरचा ड्रायव्हर.

"जवळा आणि भाकरी," मी म्हटलं. खरं होतं ते सांगितलं. मला वाटलं, सहज विचारतायत.

ड्रायव्हर हसला. शेठ हसले नाहीत. त्यांनी बोटाने उंबरा दाखवला. "मग बाहेरूनच कर काय ते. इथे देव आहे." मी पाय मागे घेतला, तेव्हा आवाज जराही कमी न करता म्हणाले, "आणि तुझ्या त्या दिवसांत तर इकडे फिरकूच नकोस. आम्हाला कसं कळणार? तूच सांगत जा."

सांगत जा म्हणे. टायपिंगवरच्या दोघींनी माना खाली घातल्या. मीही घातली. शेठ काय बोलले त्याची मला लाज नाही. मी मान खाली घातली, त्याची आजही वाटते.

न्हावा शेव्याच्या रस्त्यावरचं ते ऑफिस. बंदरात आलेले कंटेनर सोडवायचे कागद तिथून भरले जायचे. दुसरा मजला, बाहेर चार मशीन, केबिनमध्ये सर्व्हर. मी तिथली कॉम्प्युटरवाली. बीएस्सी आयटी. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिली, आणि पदवीचं म्हणाल तर कोळीवाड्यातल्या आमच्या अख्ख्या आळीत पहिली. आई सुकी मासळी विकते. बाबा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होते. हे मी लपवत नाही. इंटरव्ह्यूलाही लपवलं नव्हतं.

सर्व्हर म्हणजे साधा उभा डबा. पण अख्खा धंदा त्यात, म्हणून शेठना तो लक्ष्मीच. केबिनमधल्या संगमरवरी देव्हाऱ्याखाली सागवानी कपाट होतं, त्यात तो ठेवलेला. चालू करायच्या बटणावर कुंकू. फटींत अगरबत्तीची राख. पंख्याच्या जाळीवर निरांजनाची काजळी. राउटरही त्याच कपाटात. बाहेरच्या चारही मशीनवरून रिमोट डेस्कटॉप जोडायचं आणि सर्व्हरवर काम करायचं, अशी पद्धत. म्हणजे आपण बसायचं आपल्या टेबलावर आणि पडद्यावर दिसणार आतलं मशीन.

ते कनेक्शन मधूनच तुटायचं. तुटलं की कुणालाच जोडता यायचं नाही. 'कॉम्प्युटर सापडत नाही' एवढी पाटी यायची. बाहेरून सर्व्हरला हाक मारायचा रस्ताच बंद. अशा वेळी सर्व्हरसमोर जाऊन बसावं लागतं, दुसरा उपाय नाही. आणि मला समोर बसायची बंदी.

मग शेठनी तोड काढली. अण्णा आत जाणार. अण्णा शाकाहारी, रोज सकाळी देवाची पूजा तेच करायचे. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगणार, अण्णा बटणं दाबणार.

"अण्णा, काळी खिडकी उघडा."

"खिडकी बंदच आहे गं, एसी चालू आहे."

"पडद्यावरची हो. खाली सर्चमध्ये टाका, सी, एम, डी."

साठीचे अण्णा. एका बोटाने अक्षर शोधायचे. मी टाचा उंचावून काचेतून बघायचे. मागून कुणीतरी म्हणायचं, "अण्णा, आता तुम्ही इंजिनियर झालात!" सगळे हसायचे. अण्णाही हसायचे. दोन मिनिटांचं काम पाऊण तास चालायचं आणि शेठ फोनवर गिऱ्हाइकाला सांगायचे, "काय करणार, पोरगी नवीन आहे, जमत नाही तिला."

जमत नाही!

मी वहीच्या मागच्या पानावर लिहायला लागले. कुठल्या दिवशी तुटलं. किती वाजता. अण्णांनी आतून वाचून दाखवलेला सर्व्हरचा नंबर काय होता. नेटवर्कमध्ये प्रत्येक मशीनला एक नंबर असतो, आयपी म्हणतात त्याला, घर नंबर असतो तसा. एकदा अण्णांनी शेवटचा आकडा अकरा सांगितला. पुढच्या वेळी तेवीस. मग सतरा. बाहेरची चार मशीन जुन्या नंबरावर दार वाजवत बसायची आणि सर्व्हर तिथून बिऱ्हाड हलवून गेलेला.

राउटर बंद होऊन पुन्हा चालू झाला की मशीनना नव्याने नंबर वाटतो. पण राउटर बंद का होतो? वही बघितली. गुरुवार. गुरुवार. चतुर्थी. गुरुवार.

"अण्णा, गुरुवारी देवाला दिव्यांची माळ लावता ती कुठल्या बोर्डात?"

"खालच्या."

"तिथे आधी काय असतं?"

"ते छोटं, लुकलुकणारं. उगाच जळत असतं, म्हणून पूजेपुरतं काढतो. लगेच लावतो की परत!"

सापडलं. मी शेठकडे गेले. उंबऱ्याबाहेरूनच. म्हटलं, "सर, माळेसाठी राउटरची पिन काढतात, म्हणून कनेक्शन जातं. मला पाच मिनिटं सर्व्हरवर बसू द्या. नंबर कायमचा पक्का करते, मग पिन निघाली तरी नंबर बदलणार नाही."

शेठनी मान वर केली. "तुला जमत नाही, म्हणून आता देवाला दोष देतेस?"

त्या दिवशी मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आई बोंबलाच्या जुड्या बांधत होती. तिने हात थांबवला नाही. म्हणाली, "माझे टोपलीन तं सगली हात घालतान. तू त्या डब्याला हात लावला तं काय व्हतं? आन मंग तू दारान कनाला उभी रेतंस?"

कशाला? सात महिने मी दारात उभी होते.

पुढच्या आठवड्यात शेठनी बेलापूरहून माणूस बोलावला. नेटवर्कवाला. तो आला आणि सरळ केबिनमध्ये शिरला. बुटांसकट. कपाटासमोर खुर्ची ओढून बसला, सर्व्हरवर कोपर टेकवलं. शेठनी त्याला चहा मागवला. काय खाऊन आलास, कुणी विचारलं नाही. त्याने अर्धा तास इकडेतिकडे बघितलं आणि मग काचेतून मलाच हाक मारली, "मॅडम, आधीचा आयपी काय होता हो?" मी सांगितला. त्याने राउटर बंद करून चालू केला, बाहेरच्या मशीनवर नवा नंबर टाकला, "झालं, ओके," म्हणाला आणि उठला.

जिन्यात मी त्याला गाठलं. विचारलं, "जेवलात का?"

"हो, इथे खालीच. काय खेकड्याचं कालवण मिळतं मॅडम तुमच्याकडे! नाद नाही."

मी जिन्यातच उभी राहिले. तो उतरून गेला. म्हणजे मासळीचा प्रश्नच नव्हता. उंबरा फक्त माझ्यासाठी होता. तो पुरुष, तो बाहेरचा, त्याच्या शर्टावर कंपनीचं नाव. आणि मी कोळणीची पोरगी, रोज डोळ्यांसमोर असलेली. इतके महिने मी त्या बंदीला देवाची बंदी समजून मान देत होते. आमच्याही घरात देव आहे. आई मासळीच्याच हाताने त्याला फूल वाहते. त्याने कधी तक्रार केली नाही.

गुरुवार आला. कनेक्शन तुटलं. एका कंटेनरचा कागद बारापर्यंत भरायचा होता, नाहीतर तो त्या दिवशी सुटत नव्हता. गिऱ्हाईक फोनवर फोन करत होतं. अण्णा सवयीने उठून आत गेले, खुर्चीत बसले, काचेतून माझ्याकडे बघायला लागले.

मी माझ्या जागेवरून उठले नाही.

"अगं सांग ना," शेठ ओरडले.

"बाहेरून सांगणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे, आजपासून उंबऱ्यावर उभी राहणार नाही."

शेठनी बेलापूरला फोन लावला. स्पीकरवर. तिकडून तो म्हणाला, "सर, मी संध्याकाळी येतो. पण तुमच्या मॅडमनाच विचारा की, त्यांना सगळं माहीत आहे." शेठनी फोन ठेवला. घड्याळ बघितलं. मग मोठ्या मनाने म्हणाले, "बरं. ये आत. हातपाय धुऊन ये. नंतर अण्णा गोमूत्र शिंपडतील."

टायपिंगवरच्या एकीने मला हळूच कोपर मारलं. जा गं, म्हणजे. बोलावतायत ना.

खरं सांगते, क्षणभर मीही उठणार होते. सात महिने ज्याची वाट बघितली ते समोर होतं. पण धुऊन आत जायचं आणि मागून गोमूत्र शिंपडून घ्यायचं? ते आत जाणं नव्हतंच.

"मला आत यायचंच नाही," मी म्हटलं. "मशीन बाहेर आणा. माझ्या टेबलावर."

"देवाखालचं मशीन बाहेर? तू मला शिकवणार?"

"देव तिथेच राहू दे. तो तुमचा आहे. मशीनचं काम माझं आहे. साडेअकरा झालेत, सर."

फोन पुन्हा वाजला. कुणी उचलला नाही. आधी अण्णा उठले. देवाला हात जोडले, वायरी काढल्या. त्यांना एकट्याला डबा उचलेना. शेवटी शेठनी दुसरी बाजू धरली. दोघांनी तो माझ्या टेबलावर आणून ठेवला. राउटर शेठना दुसऱ्या खेपेला आणावा लागला.

मी ओढणीने बटणावरचं कुंकू पुसलं. "अगं, अगं," कुणीतरी म्हणालं. पुसलं. फुंकर मारून राख उडवली. वायरी जोडल्या, सर्व्हर चालू केला, त्याला नंबर पक्का करून दिला, बाहेरच्या चारही मशीनवर तो टाकला. "जोडा," म्हटलं. चारही पडदे उघडले. कागद बाराला दहा कमी असताना गेला.

शाब्बास कुणी म्हटलं नाही. महिन्याभराने शेठ म्हणाले, "तुझ्या जागी दुसरा माणूस मिळाला." मी वही उचलली आणि निघाले.

मशीन परत देव्हाऱ्याखाली गेलं. पण अण्णा सांगतात, पूजा झाली की कनेक्शन आपोआप परत येतं. माळ लागते, राउटरची पिन निघते, नंबर जागचा हलत नाही. तो मी टाकलेला आहे.

आता मी स्वतःचं काम करते. उरणपासून पेणपर्यंत सात ऑफिसांचं नेटवर्क माझ्याकडे आहे. सातही ठिकाणी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, मशीन कुठे ठेवलंय आणि तिथे जायला कुणाला मनाई आहे का. एका आठव्या ठिकाणी मालक घुटमळले. मी चहा न घेता उठले.

परवा अण्णांचा फोन आला. "पोरी, नवीन सर्व्हर घेतलाय. शेठ म्हणतात, तुलाच द्यायचं काम. आणि तुला यायचीपण गरज नाही, घरूनच रिमोटने करायचं. म्हणजे तुलाही त्रास नाही, त्यांनाही नाही."

"अण्णा," मी म्हटलं, "लांबून करायचं काम मला येतं. मला लांब ठेवून कुणी काम मागितलं तर मी करत नाही. शेठना असंच्या असं सांगा."

अण्णांनी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. सांगितलं नसेल तर कळावं, म्हणूनच हे लिहिलंय. शेठना मराठी वाचता येतं.