शाहीरभाऊंची दुसरी कॅसेट

शाहीरभाऊ ज्या माणसावर गाणं करत, त्यालाच ते आधी ऐकवत. अंबडच्या आमच्या गल्लीत त्याच्या ओट्यावर पेटी टेकवायचे, गायचे आणि विचारायचे, "बराबर हाय का?" समोरचा नुसता गप्प राहिला, तरी कागद फाडायचे. पहिल्या कॅसेटमध्ये आठ गाणी होती आणि आठही माणसांचा होकार होता. ती फार खपली नाही, पण चांगली होती. हे मी आजही म्हणेन.

मग पॉपचे दिवस आले. औरंगाबादच्या कॅसेटवाल्याने बजावलं, दुसऱ्या कॅसेटवर लोक नाचले पाहिजेत. भाऊंना ते लगेच पटलं. गाण्यांची मिनिटं मोजायला त्यांनी मला तिथे रेकॉर्डिंगला सोबत नेलं. एका बाजूला तीस मिनिटं, त्यात सहा गाणी बसवायची होती.

चौथ्या गाण्याला ठेका सापडेना. भाऊ म्हणाले, "थांबा, माझ्याकडं एक हाय," आणि त्यांनी टेबलावर बोटं वाजवली. एक लांब, एक तोकडा, मग फरफट. तिसऱ्या फेरीला मी तो ओळखला. वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, लहानपणीच्या तापाने वाळलेला डावा पाय ओढत चालायच्या. रोज सकाळी नळावर जाताना आमच्या दारावरून तोच आवाज जायचा. शब्दही भाऊंनी तिथेच जुळवले, लंगडत येणाऱ्या नवरीचे. कीबोर्डवाला हसून हसून वाकला.

वहिनींना ऐकवलं का, असं मी विचारलं.

"मंग ऐकवू. आधी कॅसेट तर निघू द्या."

मी एकदाच बोललो आणि पुन्हा घड्याळ बघत बसलो. पाच मिनिटं दहा सेकंद. दुसऱ्यांदा बोलायला त्यातले दहा सेकंद पुरले असते.

कॅसेट धडाधड खपली. वहिनी वाटूरला भाच्याच्या लग्नाला गेल्या, तेव्हा वरातीत ते गाणं लागलं आणि पोरं डावा पाय ओढत नाचली. ठेका कुणाचा हे वहिनींना कुणी सांगायची गरज पडली नाही. परत आल्या तेव्हा मी भाऊंकडेच बसलो होतो. त्या उंबऱ्यातच बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या पायाला हसणारे लय झाले. ताल धरणारा घरातच निघाला."

भाऊ म्हणाले, "अगं, गाणं गाजून राह्यलं. तुझ्यामुळंच की."

मला शिसारी आली. हातातला चहा तसाच ठेवून मी उठलो, आणि त्यानंतर त्या घरी गेलो तो वहिनींसाठीच.

वहिनींनी घर सोडलं नाही. पण भाऊंच्या कानावर पडेल असं एकही पाऊल, ते घरात असेपर्यंत, त्या टाकत नसत. भाऊ आपल्या हाताने पाणी घेत, ताट वाढून घेत; ते बाहेर गेले की मगच त्या उठत. अशी अकरा वर्षं गेली. मग भाऊंनी अंथरूण धरलं आणि त्यांचं बाहेर जाणंच थांबलं. तेव्हा वहिनी पेजेची वाटी एका हातात धरून, बसल्या बसल्या सरकत, त्यांच्या खाटेपर्यंत जात.