नलूचं नाक आणि निळी पट्टी

दांडी गावची नलू बोईसरच्या बाजारात मासळी विकायची. टोपलीवरचं ओलं फडकं काढायच्या आधीच आतलं काय ताजं नि काय शिळं ते तिला वासानं कळायचं. करोनाच्या तापातून ती उठली, पण गेलेला वास परत आला नाही.

तिनं कोणाला सांगितलं नाही. मासळीचे डोळे, कल्ले बघून निभावून नेत राहिली. सोललेल्या कोळंबीला मात्र ना डोळे ना कल्ले. एक दिवस नेहमीच्या गिऱ्हाईक बाईनं पिशवी परत आणली.

"मावशी, नासलीय ही. घरात लहान पोरं आहेत माझ्या."

नलूनं उरलेली सगळी कोळंबी फेकून दिली आणि बाजारात जाणंच सोडलं. नवऱ्याला, बळवंतला, तिनं गुडघ्यांचं कारण सांगितलं. होडीवरची मासळी तो परस्पर व्यापाऱ्याला घालू लागला.

शिमग्याला तिच्या भावाची मुलगी समिधा घरी आली. ती मुंबईत एका प्रयोगशाळेत संशोधन करायची. तव्यावर बोंबील करपून धूर झाला, तरी पाठमोरी कांदा चिरत बसलेली नलू हलली नाही. समिधानं धावत येऊन गॅस बंद केला.

"आते, तुला वास येत नाय?"

नलूनं सुरी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. दारात बळवंत ऐकत उभा होता. "मला सांगायचं तरी," एवढंच तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी नलू त्या रात्री पोटभर जेवली.

समिधाचं काम नेमकं वासाचंच होतं. जिवाणूंना लागणारा एक विषाणू असतो, दोऱ्यासारखा लांबट. त्याच्यात बदल करून, नासत्या मासळीतून सुटणारी वाफ धरून ठेवेल असं त्याचं अंग प्रयोगशाळेत घडवलं होतं. असे असंख्य दोरे पट्टीवर ओळीनं बसवले की उजेडात पट्टी निळी दिसते. वाफ शिरली की दोरे फुगतात, त्यांच्यातलं अंतर वाढतं आणि रंग हिरवा होतो.

"विषाणू?" नलू म्हणाली. "एकानं माझं नाक नेलं. आता तू दुसरा घरात आणतेस?"

"हा माणसाला लागत नाय, आते. जिवाणूंनाच लागतो."

मे महिन्यात समिधा पट्ट्या घेऊन आली. तीन डब्यांत ताजी, सकाळची आणि कालची अशी कोळंबी ठेवली. तिन्ही डब्यांतल्या पट्ट्या हिरव्या झाल्या. समुद्राच्या दमट हवेनंही दोरे फुगले होते. समिधाचा चेहरा पडला. नलूनं तिला चहा करून दिला.

दिवाळीत ती पुन्हा आली. या वेळी पट्टीवर दोन ठिपके होते. एक फक्त दमट हवेला फुगणारा, दुसरा वाफही धरणारा. दोन्ही सारखे दिसले तर मासळी चांगली. समिधानं डबे मागच्या खोलीत भरले. बळवंतनं एकेकाचा वास घेऊन तिच्या कानात निकाल सांगितला. मग नलूनं पट्ट्या पाहिल्या.

"हा ताजा. हा बी बरा. ह्यो टाकायचा."

"तेच बोललो मी," बळवंत म्हणाला.

नलू खाली बसली. आधी हसली, मग पदरानं डोळे पुसले.

पट्टी अजून प्रयोगातच होती. त्यामुळे समिधानं अट घातली, बळवंतनंही रोज वास घ्यायचा. बळवंत होडी लावली की आधी तेच करू लागला. त्याला शंका आली किंवा ठिपके वेगळे दिसले, तर ती मासळी बाजूला जायची.

नलू बाजारात परतल्यावर कोळंबी परत आणणारी ती बाई पुन्हा समोर आली. नलूनं तिला खरं काय ते सांगितलं.

बाई पिशवी उघडून म्हणाली, "मला वाटलं, माझ्यावर रागावून गेलात. रोज बघत होते या जागेकडे. द्या, अर्धा किलो द्या."