वाटाड्या शोधणारी मृणालिनी

मृणालिनीने आयुष्यात कधी पायाला स्की बांधली नाही. मॉन्ट्रियलजवळच्या लव्हालच्या थंडीत ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढतानाही ती कुरकुरते. पण इटलीतल्या पियानेवे नावाच्या डोंगरी गावात कोणता वाटाड्या भरवशाचा, हे ती इथे बसून सांगू शकते. तेच तिचं काम आहे.

आमचं ऑफिस एका डेपानरच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाच्या, वर आहे. मालक सूर्यकांतकाका. ते तरुणपणी इंजिनिअर म्हणून मॉन्ट्रियलला आले. रिटायर झाल्यावर त्यांनी ही ट्रॅव्हल एजन्सी काढली. कॅनडातल्या आपल्या लोकांना आल्प्समध्ये स्कीइंगला पाठवायचं. तिथले इन्स्ट्रक्टर आणि गाईड मृणालिनी शोधते. मी शेजारच्या टेबलावर माहितीपत्रकं लिहिते. मराठी घेऊन एम. ए. केल्यावर मला हे मिळालं.

ती नागपूरची. लग्न होऊन इथे आली. नवरा, शंतनु, ओटावाला नोकरी करतो आणि शुक्रवारी घरी येतो. मधल्या रिकाम्या संध्याकाळी ती इटालियन शिकली. हेल मात्र नागपुरीच राहिला. त्या इटालियन लोकांना तो आवडतो म्हणे.

गाईडला ती पहिला प्रश्न एकच विचारते. शेवटचे कधी परत फिरलात? जो म्हणतो, कधीच नाही, त्याला ती काम देत नाही.

आपल्या लोकांना हे पटत नाही. त्यांच्या डोक्यातला गाईड वेरूळच्या लेण्यांतला असतो. आपण म्हणू तिथे नेणारा, माहिती सांगणारा, फोटो काढून देणारा. मृणालिनी प्रत्येकाला समजावते. इन्स्ट्रक्टर आखलेल्या उतारावर शिकवतो. गाईड त्या उताराच्या हद्दीला लावलेल्या दोरीच्या पलीकडे नेतो, जिथे बर्फ कुणी दाबलेला नसतो. तिथे तो म्हणेल ते ऐकायचं. लोक हो हो म्हणतात.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. टोरांटोजवळच्या मिल्टनहून एक जोडपं पियानेवेला गेलं होतं. स्वानंद आणि गौरांगी. दोघं पुण्याचे, सॉफ्टवेअरमधले. मृणालिनीने त्यांना रेन्झो नावाचा गाईड दिला होता. मी ऑफिसात पोचले तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि स्वानंद तापला होता. तिकडे दुपार होती.

"ताई, हा कसला घाबरट माणूस दिलात? वरपर्यंत नेलं आणि म्हणाला, चला परत. कडक ऊन पडलंय! आभाळ निळंशार!"

"का परत फिरला, विचारलं का?"

"हाताने काहीतरी धप्प धप्प करून दाखवत होता. मी नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलोय ताई. मला नका सांगू."

"तिथे बर्फ होता का रे?"

तो हसला नाही. "उद्या शेवटचा दिवस आहे. मला दुसरा गाईड द्या. नाहीतर मी इथेच कुणालातरी पकडतो."

"देणार नाही मी. उद्या आखलेल्या उतारावर जा. दोघं मिळून मजा करा."

फोन कट झाला.

तिने लगेच रेन्झोला फोन लावला. थोडंच बोलली. मग माझ्याकडे वळली. तिचा चेहरा उतरला होता.

"काय म्हणून राहिला तो?" मी तिच्याच बोलीत विचारलं. एरवी ती यावर हसते.

"वरच्या मोठ्या उतारावर पाऊल ठेवलं आणि खाली धप्प झालं. बर्फाचा थर आतून बसला. असा आवाज आला की त्या उतारावरचा बर्फ कधीही सुटतो, अनू. सगळाच्या सगळा."

"दिसतं का काही?"

"काहीच नाही दिसत. तेच तर."

काका केबिनमधून बाहेर आले. स्वानंदने त्यांनाही फोन केला होता.

"मी त्याला फाउस्तोचा नंबर दिला," ते म्हणाले.

फाउस्तो पियानेवेतलाच गाईड. मृणालिनीच्या त्या पहिल्या प्रश्नाला त्याने छाती फुगवून उत्तर दिलं होतं. कधीच नाही.

"काका, काहून दिला?"

"तो लहान पोर आहे का? त्याला जायचंय. त्याचा ऑफिसचा ग्रुप आपल्याकडून जाणार आहे पुढच्या वर्षी. तू काय इथून डोंगर चढणार आहेस?"

"ते दोघं मरतील ना बाप्पा!"

"मृणालिनी, ड्रामा नको." काका आत गेले.

तिने गौरांगीला फोन केला. गौरांगी हळू बोलत होती. स्वानंद शेजारच्या खोलीत बूट वाळवत होता.

"ताई, मला भीती वाटते. तो आवाज मीही ऐकलाय."

"मग जाऊ नको ना. त्यालाही थांबव."

"मी नाही गेले तर तो एकटा जाईल. त्यापेक्षा मी बरोबर असलेली बरी."

मृणालिनीने फोन ठेवला. दोघी खिडकीतून खालच्या पार्किंग लॉटकडे बघत राहिलो. एक माणूस गाडीवरचा बर्फ झाडत होता.

मग तिने फाउस्तोला फोन लावला. मला वाटलं, त्याला झापणार. तिने झापलं नाही. फार शांतपणे बोलली. मला इटालियन येत नाही. रेन्झोचं नाव तेवढं दोनदा ऐकू आलं. नंतर तिने मला सांगितलं.

फाउस्तोला रेन्झोने ऐकलेला आवाज माहीतच नव्हता. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. तिने त्याला जागा सांगितली. मग म्हणाली, तुम्ही परत फिरलात तर गिऱ्हाईक ओरडेल. ओरडू दे. ते ओरडणं माझ्यापर्यंत येईल आणि इथेच थांबेल. तुमचं काम जाणार नाही.

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, मला माझं काम शिकवू नका, सिन्योरा. आणि फोन ठेवला."

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला पोचले. ती आधीच आली होती. कोट अंगातच. डबा तसाच. तिकडे पुन्हा दुपार झालेली. ते सकाळीच निघाले होते. आतापर्यंत खाली यायला हवे होते.

स्वानंदचा फोन बंद. गौरांगीचा बंद. फाउस्तोचा वाजून वाजून थांबत होता.

हॉटेलच्या बाईने सांगितलं, दोघं आलेले नाहीत.

मग तिने रेन्झोला फोन लावला. त्याला विचारलं, तुम्हाला दुर्बिणीतून काही दिसतं का. तो म्हणाला, माझ्या अंगणातून तो उतार दिसत नाही. बघायला जातो.

काका दर थोड्या वेळाने दारात येत होते. शेवटी म्हणाले, "बॅटरी गेली असेल. थंडीत जाते."

"होय काका," ती म्हणाली. त्यांच्याकडे बघितलं नाही.

मी चहा केला. कुणी प्यायलं नाही. आमच्याकडे दुपार व्हायला आली, म्हणजे पियानेवेत अंधार पडला. मी तिचा हात धरला. मला वाटलं, आता फोन वाजूच नये. वाजला तर ते कळेल.

वाजला. स्वानंद होता. मागे भांड्यांचा, माणसांचा गलबला.

"ताई! उतरलो! काही झालं नाही! तुमचा रेन्झो उगाच घाबरला."

मृणालिनीने डोळे मिटले. "गौरांगी?"

"ही काय, सूप पितेय. फोन थंडीने मेले होते. आणि हा फाउस्तोपण कमालच निघाला हो. तासभर फावड्याने खड्डा खणून बर्फ बघत बसला. मग मोठा उतार सोडलाच, लांबच्या झाडीतून नेलं. तेही एकेकाला. किती उशीर! माझ्याकडे त्या उताराचा एक फोटो नाही."

"मोठा उतार सोडला?"

"तेच म्हणतोय मी! त्याला तुमच्याकडून तक्रार जाऊ दे."

"माझ्याकडे नोंदवली," ती म्हणाली.

तिने फोन ठेवला आणि वॉशरूममध्ये गेली. बराच वेळ नळ चालू होता. काका माझ्याकडे बघत होते. मी चहाचे कप गोळा केले. तिच्या एका फोनने दोन माणसं वाचली, की ती तशीही वाचली असती? हे कुणाला कधीच कळणार नव्हतं. तिलाही नाही.

ती बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. कोट आता काढलेला.

"फाउस्तो चांगला आहे," काका म्हणाले. "रेन्झोला आता सुट्टी देऊ. स्वानंद मिल्टनभर सांगेल."

"सांगू दे. फाउस्तोला काम देऊ, काका. पण रविवारी जे कुटुंब निघतंय, ते रेन्झोकडेच जाणार. लहान मुलं आहेत त्यांच्यात."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर आजच्यासारखं रोज तुम्ही इथे बसा. फोनपाशी."

काका टेबलाजवळ उभे राहिले. फोनकडे त्यांनी एकदा बघितलं. मग केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं.

तिने रेन्झोला फोन लावला. तो अजून वाटेतच होता, अंधारात, तो उतार बघायला निघालेला. ती त्याला म्हणाली, घरी जा, सगळे खाली आलेत.