ओझरच्या पुढे लाल दिवा

२०२२ साली मी पंचाहत्तर वर्षांचा होतो आणि गाडीतलं मला सगळं समजत होतं. (शाळा चौथीत सुटली, पण शाळेत कुठे गाडी शिकवतात!)

दसऱ्याला आमच्या नातीचा, सायलीचा, निफाडला साखरपुडा. मी जाहीर केलं, "पोरगी माझ्याच गाडीतून जाणार!" गाडी माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान. मुलगा म्हणाला, "अण्णा, भाड्याची करू ना." मी त्याच्याशी तीन दिवस बोललो नाही.

ओझर सुटलं आणि समोर चार्जिंगचा लाल दिवा लागला.

"अण्णा, दिवा!" शेजारी बसलेला मुलगा ओरडला.

"सण आहे. लागायचाच!"

बोललो खरा, पण घड्याळ बघितलं. मुहूर्त बाराचा. हॉर्न दाबला, तर आजारी मांजरासारखा आवाज! थांबलो.

सायली कारखान्यात इलेक्ट्रिशियन. तिनं पैठणी खोचली, पर्समधून (पर्समधून!) मीटर काढलं आणि चालू इंजिनावर बॅटरीला लावलं.

"बारा व्होल्टपण नाही, अण्णा. चौदाच्या आसपास पाहिजे. डायनामो चार्जच करत नाहीये."

"त्या डबीला काय कळतंय! आमची पद्धत बघ. चालू गाडीत बॅटरीची वायर काढायची. इंजिन चालू राहिलं, की डायनामो ठणठणीत!"

"अण्णा, नका!"

काढली.

इंजिन गप्प. वायर परत लावली, स्टार्टर मारला, तर नुसतं 'टक'! साडेअकरा वाजलेले, आणि माझ्या हट्टापायी नवरी रस्त्यावर! घामानं नवं धोतर ओलं झालं.

तेवढ्यात सायली आत वाकली. "अण्णा, पट्ट्यात झेंडू कसा आला?"

मी आभाळाकडे बघितलं. बॉनेटवर हार सगळेच घालतात हो! मी सकाळी बॉनेट उघडून खास डायनामोला घातला होता. (राबतो बिचारा!) त्याच्या पुलीवर फुलांचा पार लगदा झालेला आणि त्याला फिरवणारा पट्टा नुसता घसरत होता.

मुलगा हसला. बोलला असता तर परवडलं असतं.

सायलीनं हेअरपिनीनं पुली साफ केली. तोवर नवरदेवच शोधत आला. "आजोबा, बसा तुम्ही. मी मारतो धक्का!" शेरवानीत मारला. गाडी पेटली, दिवा विझला, मीटरवर चौदा! बाराला पाच कमी असताना हॉलवर पोचलो.

सायलीनं ते मीटर मलाच देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, आंघोळ केली, मीटर पाटावर ठेवलं आणि हळदकुंकू वाहिलं.

हार मात्र घातला नाही. माणूस शिकतो!