विमलआक्काच्या तीन तारा

भाचीचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "मामा, आई गेली..." एवढंच म्हणाली. अर्धी दाढी तशीच ठेवून मी टेंभुर्णीहून तीर्थपुरीला निघालो. दीड महिना झाला, पण अजून एका जागी बसवत नाही. उठतो, आणि कशाला उठलो तेच आठवत नाही.

विमलआक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. सत्तरच्या दशकात ती जालन्याला मास्तरकीचं शिकत होती. शेजारच्या खोलीतल्या नर्सबाईंची बदली झाली, जाताना त्यांनी आपली जुनी गिटार आक्काला दिली. बारीक तारा तुटलेल्या, जाड तेवढ्या तीन उरलेल्या. नव्या तारा जालन्यात मिळेनात. सुट्टीत ती गिटार घेऊनच घरी आली. रेडिओवरच्या परदेशी गाण्यातला घुमारा तिला हवा होता. दिवसभर ओसरीवर बसून शोधायची. पहिलं बोट सगळ्यात जाड तारेवर, तिसरं आणि करंगळी मानेवरच्या पट्ट्यांमधली दोन घरं पुढं, शेजारच्या दोन तारांवर... तिन्ही एकदम छेडल्या की सा, प आणि वरचा सा. मग तोच पंजा मागंपुढं सरकवायचा. याला पॉवर कॉर्ड म्हणतात हे आम्हाला फार वर्षांनी कळलं. बोटांना फोड आले, फुटले, तरी ती थांबेना.

वडील गायन पार्टीत पेटी वाजवत गायचे. एकदा ऐकून म्हणाले, "यात गंधार कुठंय? गाणं हसून राह्यलं का रडून राह्यलं, कसं कळावं?"

"ते गाणारा सांगंल की दादा," आक्का म्हणाली. "मी नुसती जमीन धरून राह्यले."

त्या वर्षी जयंतीला, विहारासमोर, गाणं ऐन रंगात असताना पेटीचा भाता फाटला. लोक चुळबुळायला लागले. आक्का बायकांतून उठली, घरी पळत जाऊन गिटार घेऊन आली आणि वडिलांशेजारी बसली. कुणीतरी मागून हसलं. वडिलांनी एकदा तिच्याकडं पाहिलं आणि पुढची ओळ उचलली. तिचा पंजा त्यांच्या आवाजामागं सरकत गेला. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "कडव्याला जल्दी केलीस. बाकी बराबर."

मग लग्न ठरलं. "नंतर नेते, सांभाळ," म्हणून गिटार माझ्याकडं देऊन गेली. मी ती गोठ्याच्या माळ्यावर टाकली. दोन पावसाळ्यांत मान वाकली, पोट उकललं. पुढं तिनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "हाये की, चांगली हाये." तिनं परत कधी विचारलं नाही... तिला कळलं होतं का? हा प्रश्न मला आता कुणाला विचारता येत नाही.

मागच्या आठवड्यात तीर्थपुरीला गेलो. भाची पोळ्या करत होती. लाटणं आडवं धरून म्हणाली, "मामा, तवा तापेपर्यंत आई यावर अशी बोटं ठेवायची, सरकवायची. विचारलं तर नुसती हसायची. काय होतं ते?"

मी तिचं तिसरं बोट थोडं पुढं सरकवलं, करंगळी शेजारी टेकवली. आणि गिटारीचं मी काय केलं, ते सगळं तिला सांगितलं. तव्यावरून धूर सुटला, तरी ती लाटणं तसंच धरून ऐकत होती.