चालत्या इंजिनाची दुरुस्ती

नागपुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी अकरा वर्षं इंजिनं हा विषय शिकवला आणि त्या अकरा वर्षांत एकही इंजिन स्वतः उघडलं नाही. आज हे लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती. आमच्या विभागातल्या कुणीच उघडलं नव्हतं. प्रयोगशाळेत एक उभं कापलेलं इंजिन होतं, पोटात लाल-निळा रंग भरलेलं, आणि त्याच्यापाशी ‘हात लावू नये’ अशी पाटी होती. ती पाटी मीच करवून घेतली होती. माझी स्वतःची स्कूटर बंद पडली की मी ती ढकलत कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेई. तो प्लग पुसत असे तोवर मी रस्त्याकडे तोंड करून उभा राही, न जाणो त्यानं मला काही विचारलं तर!

सत्तर साल उलटून गेल्यावरची गोष्ट. सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीतले एक मॅनेजर निवृत्त होऊन मुलाकडे राहायला निघाले होते. त्यांच्या अंगणात कडुनिंबाखाली विलायती बनावटीची एक जुनी स्पोर्ट्स कार उभी होती. बुटकी, लांब नाकाची, कापडी छपराची. ड्रायव्हरच्या सीटवर एक कोंबडी बसली होती आणि उठायला तयार नव्हती. मॅनेजरांनी कोंबडी उचलली, चावी फिरवली, आणि गाडी दुसऱ्या झटक्यात सुरू झाली. मी ती त्याच दिवशी घेतली. सावनेर ते धरमपेठ ती स्वतःच्या पायांनी आली, कुठे कुरकुरली नाही की तापली नाही. ही बाब मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढच्या सहा महिन्यांत ती मी कुणाला सांगितली नाही.

बायकोनं दारात येऊन गाडीभोवती एक फेरी मारली.

“दोघंच बसतात यात?”

“दोघंच.”

“म्हणजे तुम्ही आन् तुमचं पुस्तक,” ती म्हणाली आणि आत गेली.

ती नरखेडकडची. वडिलांची संत्र्यांची बाग, विहिरीवर डिझेलचं इंजिन. लहानपणी हँडल मारून ते ती स्वतः सुरू करत असे, असं ती सांगे. मी ते बालपणीच्या आठवणींत जमा करत असे.

गाडी नीट चालत होती, आणि हीच माझी अडचण होती. चालती गाडी कुणीही चालवतो. अकरा वर्षं मी फळ्यावर एक सूत्र लिहीत आलो होतो. सिलिंडरमधली हवा जितकी जास्त दाबाल तितकी इंजिनाची कार्यक्षमता जास्त. त्या सूत्रावर माझा अतोनात जीव. मी ठरवलं की या इंजिनाचं कॉम्प्रेशन वाढवायचं आणि विलायतेतल्या कारखान्याला जे सुचलं नाही ते धरमपेठेत करून दाखवायचं.

आमच्या अंगणातल्या कडुनिंबाच्या फांदीला साखळी बांधून चार जणांनी इंजिन उचललं आणि बैठकीतल्या दिवाणावर ठेवलं. मे महिना होता. नागपूरच्या मे महिन्यात अंगणात बसून पाना फिरवणं म्हणजे हातावर डाग घेणं, म्हणून इंजिनाला कूलरसमोरची जागा मिळाली. त्या उन्हाळ्यात आमच्या घराला वाळ्याचा आणि रॉकेलचा मिळून जो वास होता, तो मी पुन्हा कुठे घेतलेला नाही. नट-बोल्ट लोणच्याच्या बरण्यांत गेले. कणीक मळायची परात पिस्टन धुवायला लागली. रात्री इंजिनावर मी चादर पांघरत असे. एकदा शेजारच्या बाई अवेळी आल्या, दिवाणावरचा आकार बघून त्यांनी चपला हळूच काढल्या आणि बायकोला कुजबुजत विचारलं, “कोणाची तब्येत बरी नाही का वं?”

विभागातले सगळे प्राध्यापक दर रविवारी येऊ लागले. कोणी पाना हातात घेत नसे, पण मत प्रत्येकाचं होतं. पिस्टनच्या रिंगेची कोणती बाजू वर येते यावर एक अख्खी दुपार गेली. विभागप्रमुखांनी वहीत आकृती काढली. दुसऱ्यांनी ती खोडून उलटी काढली. मी कपाटातून तीन पुस्तकं आणली आणि तिन्ही पुस्तकं तिन्ही बाजूंनी निघाली. बायको चहा घेऊन आली, ट्रे ठेवायला जागा करावी म्हणून तिनं रिंग उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाली, “यावर ‘टॉप’ लिहिलेलं आहे.”

विभागप्रमुख म्हणाले की तेही एक मत झालं.

कॉम्प्रेशन वाढवायचं तर इंजिनाचं झाकण, म्हणजे हेड, खालून घासून पातळ करायचं असतं. किती घासायचं ते मी स्लाइड रूलवर तीनदा काढलं. कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या इन्स्ट्रक्टरांनी आकडा वाचून विचारलं, “इतकं?” मी म्हणालो, “गणित आहे.” गणितापुढे त्या वर्कशॉपात कुणी बोलत नसे. त्यांनी घासून दिलं.

पावसाळा संपता संपता मी इंजिन बांधून काढलं. सगळं बसलं. बरणीत एकही नट उरला नाही, याचा मला केवढा अभिमान! मग मी इंजिन हातानं फिरवायला घेतलं. अर्धा फेरा फिरलं आणि आतून ‘टक्’ असा आवाज येऊन थांबलं. उलटं फिरवलं, तिकडूनही ‘टक्’. मी जोर लावायला पाना घेतला तशी बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

“अवो, जोर नका लावू! आत काहीतरी धडकून राहिलं आहे.”

“तुला काय माहीत?”

“ऐकू येऊन राहिलं न. बाबांच्या विहिरीवरच्या इंजिनाले असाच आवाज येत होता. तेव्हा खापरखेड्याचे फिटरभाऊ येऊन गेले होते. त्यांना बोलवा.”

चार दिवस मी बोलावलं नाही. चार दिवस मी पुस्तकं वाचली. पाचव्या दिवशी तिनंच निरोप पाठवला.

फिटरभाऊ खापरखेड्याच्या पॉवर हाउसमधून निवृत्त झालेले, साठीचे गृहस्थ. रविवारी सकाळी बसनं आले. पांढराशुभ्र शर्ट, खिशात पेन, हातात कापडात गुंडाळलेली चार हत्यारं. दारात चपला काढून ते थांबले. छप्पन्न साली नागपुरात दीक्षा घेतलेल्यांपैकी त्यांचं घर, हे मला बायकोनं आधी सांगितलं होतं. मी पुरोगामी माणूस, म्हणून मी त्यांना “या, या, आत या” असं इतक्या वेळा म्हणालो की ते शेवटी म्हणाले, “आलो सर, आलो.”

इंजिनासमोर बसून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “काहून खोललं होतं, सर? बिघडलं होतं का?”

“नाही. बिघडलं नव्हतं.”

“मंग?”

मी त्यांना सूत्र समजावून सांगितलं. वहीवर आकृतीही काढली. त्यांनी मान डोलावत सगळं ऐकून घेतलं आणि बायकोकडे वळून म्हणाले, “बाई, थोडीशी मळलेली कणीक द्या. घट्ट पायजे.”

तिनं लिंबाएवढा गोळा आणून दिला. त्यांनी हेड उतरवलं, कणकेची चपटी टिकली करून पिस्टनच्या डोक्यावर बसवली, वर तेलाचं बोट फिरवलं, हेड पुन्हा कसलं आणि इंजिन अलगद फिरवलं. ‘टक्.’ मग हेड काढून त्यांनी मला वाकायला सांगितलं. कणकेवर व्हॉल्वचा गोल ठसा उमटला होता, आणि ठशाच्या एका कडेला कणीक उरलीच नव्हती. पिस्टनचा धातू चकाकत होता.

“व्हॉल्व पिस्टनवर येऊन राहिला, सर. हेड लय उतरवलं तुमी.”

“गणिताप्रमाणे बरोबर आहे,” मी म्हणालो.

“असंन. गणित कोणत्या पेट्रोलचं होतं?”

एवढं दाबल्यावर आपल्या पंपावरचं पेट्रोल वेळेआधीच पेटतं आणि इंजिन आतून ठोके खातं, हे पुस्तकात होतं. पण तो धडा अभ्यासक्रमात शेवटी येई, आणि दरवर्षी वेळ कमी पडतो म्हणून मी तो पोरांना घरी वाचायला सांगत असे. मी स्वतःही तो घरीच वाचायचा ठेवला होता.

फिटरभाऊंचा उपाय सोपा होता. तांब्याच्या पत्र्याची एक जाड चकती कापून हेडखाली बसवायची, म्हणजे घासून काढलं तेवढं भरून निघेल.

“म्हणजे इंजिन होतं तसंच होईल?”

“हो.”

“थोडं तरी राहू द्या,” मी म्हणालो. “अर्ध्या जाडीची कापा.”

त्यांनी पत्रा हातात घेतला. मग म्हणाले, “गाडी तुमची आहे, सर,” आणि अर्ध्या जाडीची कापून दिली. व्हॉल्व धडकायचे थांबले. इंजिन गाडीत चढलं आणि सुरूही झालं. पुढच्या सकाळी मी विभागप्रमुखांना शेजारी बसवून सेमिनरी हिल्सकडे निघालो. त्यांनी टाय लावला होता.

सपाट रस्त्यावर सगळं ठीक होतं. चढ लागला आणि पुढून कोणीतरी पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत असा आवाज सुरू झाला. “स्पोर्ट्स कारला असा आवाज असतोच,” विभागप्रमुख वाऱ्यात ओरडले. मी आणखी दाबलं. खडे मोठे झाले. अर्ध्या चढावर वाफेचा लोट आला, गाडी थांबली आणि आम्ही दोघांनी उतरून तिला ढकलत रस्त्याच्या कडेला घेतलं. मागून एक दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन लावलेली सायकल रेटत चढ चढत होता. पुढे जाताना तो म्हणाला, “साहेब, गरम झाली वाट्टे. थंडी होऊ द्या.” उतारावर तोंड वळवून आम्ही इंजिन न लावता घरी आलो. तो परतीचा प्रवास फार शांत झाला.

दुसऱ्या रविवारी फिटरभाऊ आले. पूर्ण जाडीची चकती त्यांनी आधीच कापून आणली होती. ती बसवली, बायकोकडून पुन्हा कणीक मागितली, फिरवून काढून दाखवली. या वेळी टिकली सगळीकडे सारखी जाड राहिली होती. “आता भाकर झाली,” बायको म्हणाली. इंजिन सुरू झालं, सेमिनरी हिल्सचा चढ गप्प चढून गेलं. सहा महिने खपून मी ते बरोबर सावनेरच्या अंगणात होतं तसं केलं होतं.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण विभागप्रमुखांनी दरम्यान या प्रयोगावर माझं जाहीर व्याख्यान ठरवून टाकलं होतं. मी चाळीस मिनिटं बोललो. चार आलेख दाखवले. कोंबडीपासून दूधवाल्यापर्यंतचं सगळं वगळलं, आणि कणकेचंही. फिटरभाऊंचा उल्लेख मी “स्थानिक तांत्रिक साहाय्य” असा केला. ते शेवटच्या रांगेत बायकोच्या शेजारी बसलेले मला दिसत होते, तरी केला. शेवटी एका विद्यार्थ्यानं विचारलं, “सर, शक्ती किती वाढली?”

“मोजमाप सुरू आहे,” मी म्हणालो. टाळ्या पडल्या.

बाहेर फिटरभाऊ भेटले. “चांगले बोलले, सर,” म्हणाले. त्यात टोमणा नव्हता आणि तेच मला लागलं. घरी पानावर बसल्यावर भात वाढत बायकोनं विचारलं, “मोजमाप कोण करून राहिलं?”

मी पान बाजूला सारलं. मी अप्रामाणिक आहे असं तोवर मला कधी वाटलं नव्हतं. मी फक्त अभ्यासक्रमाप्रमाणे वागत होतो.

पुढच्या सहामाहीत मी तो शेवटचा धडा सगळ्यांत आधी घेतला. वर्गात पहिल्याच तासाला सांगितलं की शक्ती काहीच वाढली नाही, आणि का वाढली नाही तेही सांगितलं. पोरं आधी हसली, मग वह्या उघडून लिहू लागली. मग मी खापरखेड्याला जाऊन फिटरभाऊंना विनंती केली की महिन्यातून एकदा वर्गात या आणि खरं इंजिन उघडून दाखवा. ते बराच वेळ नाही म्हणत राहिले. “क्लासमंदी मी काय बोलू, सर?” शेवटी त्यांच्या बायकोनं आतून “जा न गा” म्हटलं, तेव्हा तयार झाले.

कॉलेज मात्र तयार नव्हतं. बाहेरच्या माणसाला वर्गात आणायचं तर अर्ज लागे, अर्जात शैक्षणिक अर्हतेचा रकाना होता, आणि ‘पॉवर हाउसमध्ये तीस वर्षं’ ही अर्हता होत नाही असं ऑफिसनं लेखी कळवलं. मी दोनदा अर्ज दिला, दोनदा परत आला. तिसऱ्यांदा हेडक्लार्कनं मला बाजूला घेऊन मार्ग सांगितला. प्रात्यक्षिकासाठी लागणारं साहित्य आत आणायला मंजुरी लागत नाही, फाटकावर नोंद केली की झालं.

ठरल्या दिवशी फिटरभाऊ फाटकाशी आले. तोच पांढरा शर्ट. चौकीदारानं रजिस्टर पुढे केलं. त्यात आधीच लिहून ठेवलं होतं: ‘प्रात्यक्षिक साहित्य, एक नग.’ मी रजिस्टर ओढून घेणार तोच त्यांनी चष्मा लावून ओळ वाचली, खिशातलं पेन काढलं आणि समोर ठळक, वळणदार अक्षरांत आपलं पूर्ण नाव लिहिलं.

“नग तं नग, सर,” ते हसत म्हणाले. “आत तं जाऊ देऊन राहिले न. चला, पोरं वाट पाहून राहिले असतीन.”